बिल्ल्यामागचं नाव

माण तालुक्यातल्या एका वीस वर्षांच्या मुलीचं पत्र आलंय. वहीतून फाडलेली सहा पानं, दोन वेगवेगळ्या पेनांनी लिहिलेली. नाव-गाव छापू नका असं तिनं बजावलंय, म्हणून ओळख पटेल असं सगळं गाळून थोडक्यात सांगते.

तिचं घर गावात नाही, गावापासून सहा किलोमीटरवर माळाला वस्ती आहे. चार एकर रान, एक बोअर आणि 64 शेळ्या, बहुतेक उस्मानाबादी. शेजारचं घर हाकेच्या टप्प्यात नाही. फोनला रेंज हवी तर टेकाडावर चढावं लागतं. दोन वर्षांपूर्वी तात्यांना, म्हणजे वडिलांना, अर्धांगाचा झटका आला. ती तेव्हा तालुक्याच्या गावी बारावी सायन्सला होती. ‘चार दिवस शेळ्यांकडं बघ’ म्हणून तिला घरी बोलावलं, ती अजून घरीच आहे. मोठा भाऊ चाकणला कंपनीत आहे, तात्यांच्या औषधाचे पैसे दरमहा न चुकता पाठवतो. आता तिला स्थळ आलंय. मुलाचं कोइमतूरला गलाईचं, म्हणजे सोनं गाळायचं, दुकान आहे. भाऊ म्हणतो, हिचं लग्न झालं की शेळ्या विकून टाकू. आई म्हणते, चांगलं स्थळ परत दारात येत नाही. तात्या काही म्हणत नाहीत, त्यांची वाचा नीट परतलीच नाही. पण संध्याकाळी कळप आत आला की ते डाव्या हाताच्या बोटांवर शेळ्या मोजतात. ‘मी गेले आन् शेळ्याबी गेल्या तर तात्या राहणार नाहीत,’ असं तिनं लिहिलंय.

खरं दुखणं चौथ्या पानावर आहे. आई मेलेलं एक करडू तिनं बाटलीवर जगवलं. दीड वर्षात त्याचा भरल्या अंगाचा बोकड झाला. बकरी ईदच्या आधी व्यापारी वस्तीवर आला, बोकड काट्यावर चढला, सौदा झाला. ‘टेंपोत घालताना तो माझ्याकडं बघून ओरडला. मी नोटा मोजत होते. मोजणी चुकली नाही. वाटलं रात्री रडू येईल. आलंच नाही. ताई, मला कशाचंच काही वाटंना झालंय. मैत्रिणी हॉस्टेलवर हसत्यात, भांडत्यात, फोटो टाकत्यात. मी वीस वर्षांची हाय का पन्नास, तेच कळत नाही. माझं मन मेलंय का? आणि असलं मन घेऊन लग्नाला हो म्हणू का?’

प्रिय मुली,

तू जे विचारलंच नाहीस, तिथून सुरुवात करते. दुसऱ्या पानावर तू जाता जाता लिहिलंयस, ‘संध्याकाळी कणकण असते, सांधे ठणकतात, झोपेत घाम फुटतो, कष्टाचंच असणार.’ आणि पाचव्या पानावर, अगदी वेगळ्या विषयात, ‘यंदा चार शेळ्या गाभडल्या,’ म्हणजे त्यांचा गाभ अवेळी पडला. ही दोन वाक्यं शेजारी ठेवून वाचली आणि पत्र खाली ठेवून आधी पाणी प्यायले.

शेळ्या लागोपाठ गाभडायला लागल्या की ब्रुसेलोसिसची शंका घ्यायची असते. कारणं दुसरीही असतात, पण हा रोग माणसाला लागतो. गाभडलेल्या शेळीचा जार, म्हणजे वार, पाणी, मेलेलं करडू यांना उघडा हात लागला, हाताला जखम-चीर असली, किंवा दूध न उकळता पोटात गेलं, तर तो शेळीतून आपल्यात येतो. मग ताप येतो-जातो, सांधे धरतात, रात्री अंथरूण ओलं होतं, अंगात त्राण राहत नाही आणि मनही खचतं. तुला तोच झालाय असं मी इथं बसून म्हणत नाही. पण महिनोन्‌महिने येत-जात राहणाऱ्या तापाला ‘कष्टाचं’ म्हणून गप्प बसू नये. या आठवड्यात ग्रामीण रुग्णालयात जा आणि डॉक्टरांना पहिलं वाक्य हे सांग: मी शेळ्यांत काम करते, शेळ्या गाभडल्यात, मी हातानं सोडवते. हे सांगितलं नाहीस तर ते तापाची गोळी देतील आणि त्यांचंही चुकलं म्हणता येणार नाही. रक्ताची तपासणी होते. निघालाच, तर औषधं साधारण सहा आठवडे घ्यावी लागतात. बरं वाटलं म्हणून मधेच सोडायची नाहीत. घरात आई-तात्यांपैकी कुणाला असा ताप असेल तर त्यांनाही ने. पशुवैद्यकीय दवाखान्यात गाभडण्याचं कळव, शेळ्यांचंही रक्त तपासतात. पडलेलं सगळं खोल खड्ड्यात चुना टाकून पूर, कुत्र्यापुढे टाकू नकोस. हातमोज्यांशिवाय जाराला हात लावायचा नाही. आणि दूध उकळल्याशिवाय कुणी प्यायचं नाही, धारोष्ण दुधाचं कौतुक तात्या कितीही करत असले तरी.

आता तुझा बोकड.

माझी आजी आटपाडीकडची. तिच्याकडे पंधरा-वीस शेळ्या असायच्या. पाटींना, म्हणजे मादी करडांना, ती नावं ठेवायची: चांदी, हरणी, कानी. बोकडांना कधीच नाही. मी लहानपणी कपाळावर पांढरा ठिपका असलेल्या एकाला ‘राजा’ म्हणायला लागले, तर तिनं माझा कान पिळला आणि म्हणाली, ‘जाणाऱ्याला नाव ठिवू नगंस.’ हल्ली आपण करडांना नावं ठेवत नाही, असं तूही लिहिलंयस आणि ते मन मेल्याचं लक्षण म्हणून सांगितलंयस. मला त्यात आजीची रीत दिसते. फरक एवढाच की आजीला ती तिच्या सासूनं सांगितली होती, दोघी मिळून ती पाळायच्या. तुला सांगायला वस्तीवर कुणी नव्हतं. तू ती एकटीनं शोधून काढलीस, म्हणून ती तुला गुन्ह्यासारखी वाटते.

नोटा मोजताना चुकली नाहीस, यात लाज कसली? व्यापाऱ्यासमोर डोळ्यात पाणी आणलं असतंस तर त्यानं पाचशे कमी केले असते.

रात्री रडू आलं नाही, ते मात्र मी असंच सोडून देणार नाही. त्या रात्री काय झालं, ते तूच पुढच्या पानावर लिहिलंयस. दोनच्या सुमाराला एक शेळी अडली. पाय दिसत होते, डोकं दिसत नव्हतं, करडाची मान मागं वळली होती. तू हाताला तेल लावून करडू थोडं आत लोटलंस, मान चाचपून पुढं घेतलीस आणि शेळीला कळ आली तेव्हा, कळेबरोबर, खाली ओढलंस. करडू पडलं ते निपचित. तोंडातला चिकटा पुसलास, गवताची काडी नाकात फिरवलीस. ते शिंकलं. मग तू उठलीस, हात धुतलेस, आणि पाच वाजता चुलीपुढं बसलीस. मुली, रडायला सवड लागते, आणि ऐकणारं कुणीतरी लागतं. त्या रात्री तुझ्यापाशी दोन्ही नव्हतं. मन मेलेली बाई करडू शिंकेपर्यंत काडी फिरवत बसत नाही.

तरी ‘कशाचंच काही वाटत नाही’ हे महिने-महिने चाललं असेल, खाणं-झोपणं बिघडलं असेल, तर 14416 या नंबरावर फोन कर. मनाच्या त्रासासाठी सरकारची टेलिमानस सेवा आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. टेकाडावर रेंज येते ना? तिथंच बसून कर. शेळ्या तेवढ्यात कुठं जात नाहीत.

या सहा पानांत ‘मदत’ हा शब्द तू नऊ वेळा लिहिलायस. मी मोजला. ‘घरी मदत करते’, ‘तात्यांना मदत’, ‘भाऊ लांब असतो म्हणून मदत’. आणि त्याच पानांत तू काय काय करतेस? कोणती शेळी माजावर आली ते बघून बोकड लावतेस. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस टोचून घेतेस, पीपीआर रोगाच्या लसीची तारीख लक्षात ठेवतेस. मेथीघास कधी कापायचा, कडबा कधी भरायचा ते ठरवतेस. शनिवारी आटपाडीच्या बाजारात व्यापाऱ्याशी भाव करतेस. याला मदत म्हणत नाहीत, याला कारभार म्हणतात. गंमत बघ, ‘कारभारीण’ हा शब्द आपल्याकडे आहे, पण तो कारभाऱ्याच्या बायकोसाठी राखून ठेवलेला. स्वतः कारभार करणाऱ्या वीस वर्षांच्या पोरीला काय म्हणायचं ते भाषेलाही अजून सुचलेलं नाही. म्हणून मग लोक कौतुकानं म्हणतात, ‘पोरगाच हाय हा तात्यांचा.’ आणि तू ते अभिमानानं लिहितेस. मला त्याचा राग येतो, खरं सांगते. पोरगा असतीस तर शेळ्या विकायच्या की नाही, हे तुझ्या लग्नावर ठरलं असतं का?

हा राग कुठून येतो तेही सांगते. आम्ही दोघी बहिणी. मी शिकायला कऱ्हाडला गेले आणि माझी धाकटी बहीण म्हशींत राहिली, कारण कुणीतरी राहायला हवं होतं. तिला कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. सुट्टीत घरी आले की ती माझ्यासाठी साय काढून ठेवायची आणि मी खायचे. तिचं लग्न झालं, संसार झाला, ती सुखात आहे. पण अजून कधी वडिलांच्या गोठ्याचा विषय निघाला की ‘मी आपली मदतीला होते’ असंच म्हणते. बारा वर्षं तो गोठा तिनं चालवला होता.

तेव्हा लग्न की शेळ्या, हा प्रश्न थोडा बाजूला ठेव. त्याच्या आधीची तीन कामं आहेत. तीनही कंटाळवाणी आहेत.

शेळ्यांच्या कानात पिवळा बिल्ला आहे, बारा आकडी. प्रत्येक नंबरापुढे सरकारी नोंदीत मालकाचं नाव आणि मोबाइल नंबर असतो. दवाखान्यात जाऊन विचार, आपल्या शेळ्यांपुढे कोण आहे. माझा अंदाज, नाव तात्यांचं आणि मोबाइल भावाचा. त्यात कुणाचा कपटीपणा नाही, नोंद करायला माणूस आला तेव्हा जो नंबर तोंडावर आला तो दिला गेला. पण विमा, कर्ज, अनुदान, सगळं या कागदापाशी येऊन थांबतं. निदान तू वाढवलेल्या पाटी तुझ्या नावावर नोंदवता येतील का, हे तात्यांना आणि भावाला विचार. भांडून नको, जेवताना विचार.

दुसरं, एक वही घाल. किती व्याल्या, किती करडं, किती मेली आणि कशानं, कुठली किती किलोला गेली, खुराक, औषध. आणि शेवटचा रकाना तुझ्या हजेरीचा. रोजगार हमीवर 2025-26 साली दिवसाला 312 रुपये मजुरी होती. शेळ्यांना रविवार नसतो, म्हणून वर्षाचे 365 दिवस धर. 1,13,880 रुपये होतात. दोन वर्षांचे, त्याच दरानं, 2,27,760. आणि ही खड्डे खणणाऱ्याची मजुरी झाली, अडलेली शेळी सोडवणाऱ्याची नाही. हे पैसे भावाकडे मागायला मी सांगत नाही. तो औषधाचे पाठवतो, त्याचीही ओढाताण असणार. पण ‘मी पैसे पाठवतो’ याच्यासमोर ‘मी एवढ्याचं काम करते’ हा आकडा घरात एकदा मोठ्यानं वाचला जाऊ दे. नंतरची सगळी बोलणी वेगळ्या पट्टीत होतील.

तिसरं, तुझ्या एकटीच्या नावाचं बँकेचं खातं. तुझ्याच तालुक्यात, म्हसवडला, 1997 साली माणदेशी महिला बँक उभी राहिली. रिझर्व्ह बँकेनं पहिल्यांदा परवाना नाकारला, कारण अर्ज करणाऱ्या बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या परत गेल्या आणि आम्हाला तोंडी व्याज काढायला लावा, असं अधिकाऱ्यांनाच सांगितलं. परवाना मिळाला. तू तर बारावीपर्यंत शिकलेली आहेस. खातं कुठल्याही बँकेत काढ, पण विकलेल्या दर बोकडामागं ठरलेला वाटा त्यात जाऊ दे, मग तो पाचशे का असेना.

आता भाऊ. तू त्याला पत्रात दुष्ट ठरवलेलं नाहीस, हे मला आवडलं. चाकणच्या शिफ्टमधून त्याला 64 शेळ्या म्हणजे 64 काळज्या दिसत असतील. पण एक गोष्ट कानावर घालून ठेवते. लग्न ठरतं त्या सुमाराला, कधी भाऊबिजेच्या ओवाळणीच्या आगेमागे, बहिणींपुढे एक कागद येतो: हक्कसोडपत्र. ‘नुसती सही कर, रीत असते.’ रीत नसते. रान वडिलोपार्जित असेल तर त्यात तुझा जन्मानं वाटा आहे, भावाएवढाच. महाराष्ट्रानं हा कायदा 1994 मध्येच केला, केंद्रानं 2005 मध्ये, आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उरलीसुरली शंका मिटवली. लग्न झाल्यानं तो जात नाही. तात्यांनी स्वतः विकत घेतलेलं रान असेल तर मात्र ते असेपर्यंत ते त्यांचंच. तू हक्क मागावास की सोडावास, तो तुझा प्रश्न. सोडायचा तर जाणून सोड. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते, बायकांना तिथं फुकट सल्ला मिळतो आणि त्याला उत्पन्नाची अट नाही.

तुझ्या घरात सगळ्यांनी धरून चाललंय की दोनच गोष्टी होऊ शकतात: तू राहशील आणि 64 शेळ्या राहतील, किंवा तू जाशील आणि सगळ्या जातील. हे कुणी ठरवलं? मधे पंचवीस शेळ्या आहेत. गावातल्या, सकाळ-संध्याकाळ येणाऱ्या एका माणसाच्या जोडीनं पंचवीस शेळ्या आईला झेपतील. पंधरा-वीस अर्धलीनं देता येतील, आपल्याकडे ही पद्धत जुनी आहे, शेळी आपली, सांभाळणं त्यांचं, करडं निम्मी-निम्मी. म्हाताऱ्या आणि दोनदा गाभडलेल्या तशाही काढायला हव्यात, फक्त त्यांचं रक्त तपासून मग. रोगी शेळी दुसऱ्याच्या दावणीला पाठवायचं पाप करू नकोस. आणि बोकड विकायचे ते ईदच्या आधी, हे तुला मी काय सांगणार. कळप लहान करायला सहा-आठ महिने लागतील. घाईनं विकलेल्या कळपात फक्त व्यापाऱ्याचं भलं होतं.

शिक्षणाचं तू एका वाक्यात उरकलंयस, ‘ते तर आता गेलंच.’ कुठं गेलं? सतरा नंबरचा फॉर्म भरून बारावी बाहेरून देता येते, दर वर्षी हजारो मुलं देतात. तुला शेळी सोडवता येते म्हणून तू व्हेटर्नरी डॉक्टरच व्हायला हवंस, असं सांगणारे भेटतील. त्यांचं फार मनावर घेऊ नकोस. त्याला फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी घेऊन ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि पुढं साडेपाच वर्षं. मनात असेल तर शिरवळचं कॉलेज तुझ्याच जिल्ह्यात आहे, एकदा आत जाऊन बघून ये. मनात नसेल तर पशुसंवर्धनाची पदविका आहे. तेही नको वाटलं, तर म्हसवड-फलटण भागात बायकांना शेळ्यांचं कृत्रिम रेतन शिकवून तयार केलंय, त्या वस्त्या-वस्त्यांवर जाऊन पैसे घेऊन हे काम करतात. जे हात तू आत्ता फुकट वापरतेस, त्यांची फी होऊ शकते.

आणि स्थळ. कोइमतूर म्हटल्यावर तू घाबरली आहेस, ते दिसतंय. गलाई करणारी माणसं आपल्याच मातीतली. विटा, खानापूर, आटपाडी, माणमधून निघाली आणि देशभर पसरली. जुनं सोनं वितळवून शुद्ध करायचं काम. पैसा आहे, तशीच भट्टीची धग आणि तेजाबाची वाफही आहे. अनेकदा दुकानामागंच किंवा वरच राहायची खोली असते. माळावर वाढलेल्या पोरीला दहा बाय बाराची खोली कशी वाटेल, हे आधी बघायला हवं. म्हणून मुलाशी स्वतः बोल, अर्धा तास तरी, आणि सभ्य प्रश्न विचारण्यात तो वाया घालवू नकोस. घर भट्टीपासून किती लांब आहे? बारावीच्या परीक्षेला मला महिनाभर पाठवाल का? माझ्या खात्यातले पैसे माझेच राहतील ना? तात्यांना बघायला वर्षातून कितीदा येऊ? माझ्या ओळखीतली एक पोर अशीच लग्न होऊन तमिळनाडूत गेली, दोन वर्षांत तमिळ शिकली आणि आज दुकानाचा सगळा हिशेब तिच्या हातात आहे. दुसरी एक दर दिवाळीला घरी येते आणि जाताना एसटीत रडते. दोघींची स्थळं ‘चांगली’च होती.

आईला तेवढं सांग, की चांगलं स्थळ परत येत नाही हे तिच्या काळातलं. हल्ली आपल्या भागात लग्नावाचून मुलं बसली आहेत. वर्षभर थांबा म्हटल्यावर जे स्थळ मोडेल, ते तुझ्यासाठी आलंच नव्हतं. कुणाला तरी घरात हात हवे होते.

हे पत्र द्राक्षबाग सांभाळणाऱ्या, पोल्ट्री बघणाऱ्या, वडिलांचं किराणा दुकान चालवणाऱ्या मुलीही वाचत असतील. बिल्ल्याच्या जागी तुमच्याकडे सातबारा असेल किंवा दुकानाचा परवाना, वही मात्र तीच. आणि चाकण-पिंपरीच्या भावांनो, दिवाळीला चार दिवस याल तेव्हा बहिणीला तिच्या मैत्रिणींकडे पाठवा आणि ते चार दिवस धंदा तुम्ही बघा. पहाटे पाचपासून.

तू मैत्रिणींचे फोटो बघतेस म्हणालीस. एकीलाही वस्तीवर बोलावलंस का? मला वाटतं तुला लाज वाटते, शेणा-लेंड्यांची, हाताच्या वासाची. बोलाव. आलेलं करडू मांडीवर घेऊन फोटो काढल्याशिवाय जायची नाही ती. आणि महिन्यातून एक शनिवार आटपाडीच्या बाजाराला विकायला काही न नेता जा. बांगड्या बघ, भेळ खा.

तिसऱ्या पानाच्या तळाशी तू एक ओळ लिहून खोडली आहेस. दोनदा खोडलीस, तरी पेन हलकं टेकवलंयस, त्यामुळे वाचता येते. कडब्याची गाडी घेऊन येणाऱ्या कुणाबद्दल आहे. ती मी सारांशात घेतली नाही आणि इथंही सांगणार नाही. पण ‘कशाचंच काही वाटत नाही’ म्हणणाऱ्या मुलीनं ती ओळ लिहिली, खोडली, आणि पान मात्र फाडून टाकलं नाही, हे माझ्या लक्षात आलंय. त्याच्यासाठी काही कर असं मी म्हणत नाही. स्थळाला हो-नाही म्हणण्याआधी ती ओळ स्वतःशी एकदा न खोडता वाच, एवढंच.

राहिले तात्या. ‘शेळ्या गेल्या तर तात्या राहणार नाहीत’ हे तू त्यांच्या वतीनं लिहिलंयस. त्यांना विचारलंयस का? वाचा गेली म्हणून माणसाचं मत जात नाही. रोज संध्याकाळी ते बोटांवर मोजतात, तेव्हा त्यांचं चित्त शेळ्यांत असतं की त्यांच्या मागून येणाऱ्या तुझ्यात, हे तुला माहीत नाही आणि मलाही नाही. त्यांचा डावा हात चालतो. हो-नाहीत उत्तर देता येईल असे प्रश्न कर. पंचवीस ठेवल्या तर चालतील? काही पाटी माझ्या नावावर करू? मी परीक्षेला बसू? एका दिवसात एकच प्रश्न, कळप आत आल्यावर, त्यांच्या बाजेशी बसून. आई त्या वेळी चुलीपाशी असू दे, म्हणजे उत्तर तिच्याकडे बघून येणार नाही. आणि जे उत्तर येईल ते तारीख घालून त्याच वहीत लिही.

तुझी ताई

ता. क. रक्ताचा रिपोर्ट आला की कळव. पत्रच लिहायला हवं असं नाही, टेकाडावरून फोन केलास तरी चालेल.